बालवाडीतला गोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल म्हणजे दिवसातला तो वेळ, जेव्हा गटातली सगळी मुलं एकत्र बसून गाणी, गोष्टी, गप्पा करतात. बालवाडी आणि खेळगट चालवणाऱ्या ताया आणि अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचे पालक या वेळेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे दोन प्रश्नांचं उत्तर एकच होतं, तिथे ते एकदाच दिलंय आणि दुसरीकडे त्याचा क्रमांक सांगितलाय.

१. गोल किती वेळाचा असावा?

अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी ५ ते ७ मिनिटं, तीन-चार वर्षांसाठी १० मिनिटांपर्यंत, चार-पाच वर्षांसाठी १२ ते १५ आणि पाच पूर्ण झालेल्यांसाठी फार तर २०. हा अनुभवाचा अंदाज आहे, आपला गट बघून तो कमी-जास्त करा. वर्षाच्या सुरुवातीला याहूनही कमी वेळ ठेवा. रंगात आलेला गोल थांबवला की मुलं "अजून एकदा!" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन बसतात. कंटाळा येईपर्यंत ताणला, तर पुढच्या वेळी बोलावतानाच दमछाक होते. अर्ध्या तासाच्या एका गोलापेक्षा दिवसभरात विखुरलेले दोन-तीन छोटे गोल कधीही बरे.

२. मुलांचं लक्ष आहे हे ओळखायचं कशावरून? माझ्या गटात अर्धी मुलं सतत चुळबुळत असतात.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बाकीची बरीच उत्तरं याच्यावर उभी आहेत.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी अंग स्थिर ठेवणं हेच एक मोठं काम असतं. "नीट बस, हलू नकोस" असं सारखं ऐकणारं मूल आपली सगळी ताकद बसण्यात घालवतं आणि गोष्टीसाठी त्याच्याकडे काही उरत नाही. उलट सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसलेली मुलगी बघा. गोष्टभर तिने एकदाही मान वर केली नाही, म्हणून ताईंना वाटलं हिचं लक्षच नाही. थोड्या वेळाने तीच मुलगी बाहुल्यांच्या कोपऱ्यात बाहुलीला समोर बसवून तीच गोष्ट सांगत होती, ताईंनी अस्वलासाठी काढलेल्या घोगऱ्या आवाजासकट. तिच्या बोटांना काम होतं, म्हणूनच तिचे कान मोकळे होते.

तेव्हा खुणा शोधायच्या त्या अशा: गाण्याची ओळ ओठांवर येते का, "आणि मग..." म्हणून तुम्ही थांबलात की डोळे वर होतात का, नंतरच्या खेळात गोलातलं काही डोकावतं का. हाताची घडी, तोंडावर बोट आणि नजर शून्यात, असं मूल शांत दिसतं. ते गुंतलेलं असेलच असं नाही.

जाता जाता एक सांगते. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्याकडे मुलं गोलात यायची ती हात धरून फिरायला, गाण्यावर हलायला. गोल आणि हालचाल यांचं नातं इतकं जुनं आहे.

३. एका गोलात किती मुलं असावीत? माझ्याकडे तीस आहेत आणि मदतनीस एकच.

गाणी, टाळ्यांचे खेळ, निरोप यांना तीस मुलं चालतात. गोष्ट, गप्पा आणि हातात वस्तू घेऊन बघणं यांना चालत नाहीत. मागच्या रांगेतल्या मुलाला चित्र दिसत नाही, आपली पाळी येईपर्यंत ते पेंगतं किंवा शेजाऱ्याला ढकलतं. गोष्टीसाठी गट दोन-तीन ठिकाणी विभागा. दहा मुलं तुमच्याजवळ, बाकीची मदतनीस ताईंच्या नजरेखाली ठोकळे, माती, चित्रं अशा कामांत, आणि मग अदलाबदल. तीच गोष्ट तुम्हाला तीनदा सांगावी लागेल, पण दहाच्या गटात प्रत्येक मूल एकदा तरी बोलेल.

४. दिवसात गोल कधी घ्यावा?

अंग मोकळं झाल्यावर. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे मार्गदर्शन काढलं, त्यात ३-४ वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं दमवणारी असावीत, असं सांगितलंय. ही हालचाल बसण्याच्या वेळेआधी झाली तर दोन्ही साधतं. खाण्याच्या आधीचा अर्धा तास आणि झोपेची वेळ टाळा. भुकेल्या मुलाला कितीही सुंदर गोष्ट सांगितली तरी त्याचं लक्ष डब्याकडेच जाणार.

५. मांडी घालूनच बसायला हवं का?

नाही. पाय लांब करून, गुडघ्यांवर, पोटावर पालथं पडून, भिंतीला टेकून, छोट्या स्टुलावर, काहीही चालेल. अट एकच, दुसऱ्याच्या अंगाला लागायचं नाही आणि मागच्याला दिसत राहायला हवं. जागा ठरवून द्यायची असेल तर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा. "सरक, सरक" हा निम्मा गोंधळ त्याने मिटतो.

तुम्ही कुठे बसता तेही बघा. पाठीमागे खिडकी असेल तर मुलांना तुमचा चेहरा काळा दिसतो आणि बाहेरची हालचाल ठळक. दार तुमच्या मागे असेल तर येणारं-जाणारं प्रत्येक माणूस गोष्टीतलं पात्र होतं. शक्यतो साध्या भिंतीकडे पाठ करा. साधी म्हणजे खरंच साधी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गाच्या वयाच्या मुलांना एकदा तक्त्या-चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि एकदा मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवून बघितलं. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि शिकणंही कमी झालं. प्रयोग लहान गटावरचा होता, पण आपल्या वर्गात करून बघायला काहीच लागत नाही. गोलाच्या जागेसमोरचे तक्ते काढून बाजूच्या भिंतीवर लावा आणि आठवडाभर फरक बघा.

६. सगळी मुलं येऊन बसेपर्यंत थांबावं का? तोवर आधी आलेली उठून जातात.

थांबू नका. दोन मुलं आली की सुरू करा. जी वेळेवर आली त्यांना वाट बघायला लावणं म्हणजे लवकर येण्याची शिक्षा, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

सुरुवात अशी असावी की मागून येणाऱ्याला मध्येच शिरता यावं. गुडघ्यांवर हळू टाळी, मग जोरात, मग कुजबुजत "अजून कोण आलं? समीरा आली", आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात गुंफत जायचं. खेळ सोडून येणं जड जाणाऱ्या मुलांना पाच मिनिटं आधी जवळ जाऊन, खांद्याला हात लावून सांगा: "हा बुरूज झाला की गोल." खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मारलेली हाक त्या वयात बऱ्याचदा पोचतच नाही. अर्धवट बुरूज मोडला जाणार नाही, त्यावर नावाची पाटी ठेवू, एवढं आश्वासन पुष्कळदा पुरतं.

७. गोलात काय, कोणत्या क्रमाने घ्यावं?

अंगाचं, मग कानाचं, मग पुन्हा अंगाचं. हालचालीचं गाणं, मग गोष्ट किंवा गप्पा, मग उभं राहून एखादा खेळ, आणि तिथून थेट पुढच्या कामाकडे. नवीन गोष्ट रोज एकच ठेवा. बाकी सगळं ओळखीचं, कारण पुढे काय येणार हे माहीत असलं की मुलं निवांत असतात.

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी उलटापालटीचा खेळ जरूर घ्या. "डोकं" म्हटलं की पायाचे अंगठे धरायचे, "अंगठे" म्हटलं की डोकं. मनात आलेली पहिली कृती आवरायची, नियम लक्षात ठेवायचा आणि ऐकायचं, तिन्ही एकदम. मुलांचं स्वनियमन मोजायला संशोधक नेमका असाच खेळ वापरतात. मुलांना तो फक्त धमाल वाटतो.

८. गोष्ट वाचायला घेतली की पाच-सहा पानांत लक्ष उडतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा मुलांना नुसतं ऐकायचंच काम असतं, म्हणून. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्यांनी वाचत जायचं आणि मुलांनी ऐकायचं, याऐवजी पुस्तकावर बोलायचं आणि हळूहळू मुलालाच गोष्ट सांगू द्यायची, अशी ती पद्धत. तशा वाचनाने लहान मुलांचं बोलणं वाढतं, असं त्यांना दिसलं.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. पानावर चिखलात रुतलेली गाडी आहे.

"काय झालंय इथे?"
"गाडी."
"हो, गाडी. लाल गाडी चिखलात रुतलीय. सगळे म्हणा बरं, रुतलीय."
"रुतलीय!"
"आता बाहेर कशी काढायची?"
"ढकलायची!" "दोरी बांधायची!" "बाबांना बोलवायचं!"

एका पानाला जेमतेम अर्धं मिनिट गेलं. पण "रुतणे" हा शब्द मिळाला आणि तीन मुलांना आपली युक्ती सांगता आली. असं प्रत्येक पानावर करू नका, गोष्टीची लय तुटते. तीन-चार ठिकाणं आधीच ठरवून ठेवा.

बाकी गोष्टी कारागिरीच्या आहेत, पण फरक त्यांनीच पडतो. पुस्तक घरी एकदा मोठ्याने वाचून या. चित्र मुलांकडे ठेवून बाजूने वाचायची सवय करा, म्हणजे "मला दिसत नाही" थांबतं. मजकूर लांबत असेल तर बिनधास्त गाळा. आवाज वाढवण्यापेक्षा कमी करा, सगळे पुढे झुकतात. आणि एकच पुस्तक आठवडाभर घ्या. पहिल्या दिवशी मुलं ऐकतात, तिसऱ्या दिवशी पुढचं वाक्य तीच म्हणतात, पाचव्या दिवशी तुम्ही मुद्दाम चुकीचं वाचलंत की तुम्हाला पकडतात. आपल्याला आलेला कंटाळा मुलांवर लादू नये, त्यांना तो आलेला नसतो.

९. प्रश्न विचारला की तीच दोन-तीन मुलं उत्तर देतात. बाकीच्यांचं काय?

प्रश्नानंतर थांबा. मेरी बड रो यांनी शाळांमधल्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. १९७४ मध्ये त्यांनी दाखवलं की हीच वाट ३ सेकंदांच्या वर नेली की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. ते अभ्यास मोठ्या मुलांवरचे होते. अजून शब्द जुळवायला शिकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला वेळ जास्तच लागणार. मनात सावकाश पाच आकडे मोजा. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे एकाने उत्तर देण्याचे प्रश्न कमी करा. "ज्यांना वाटतं तो झाडावर चढेल त्यांनी उभं राहा", "शेजारच्याच्या कानात सांगा", "बोटांनी दाखवा किती" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकदम येतं आणि लाजरं मूलही त्यात असतं. भराभर उत्तर देणाऱ्यांना गप्प करू नका. त्यांना सांगा, "तुझं उत्तर मुठीत धरून ठेव, मी तीन म्हटलं की सोड."

१०. वार, तारीख, हवामान, हजेरी रोज घ्यायलाच हवी का?

हजेरी घ्या, कारण त्यात मुलाचं नाव असतं आणि आज कोण आलं नाही याची चौकशी असते. तारखेवर मात्र रोज दहा मिनिटं घालवू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला "काल" आणि "उद्या" यांतच गोंधळ होतो. "मंगळवार, सतरा तारीख" ते पोपटासारखं म्हणतं, एवढंच. आजच्या दिवसाचा क्रम चित्रांत लावा, जसं खेळ, गोल, खाणं, बाहेर, घरी. काळाची जाण तिथून सुरू होते.

११. एक मुलगा गोलातून दर वेळी उठून जातो. त्याला बसवावं की सोडून द्यावं?

जबरदस्तीने बसवू नका, पण सोडूनही देऊ नका. त्याला गोलाच्या कडेला, दिसेल-ऐकू येईल अशी एक शांत जागा ठरवून द्या. तिथे एखादं पुस्तक किंवा कोडं असू दे, गोष्टीपेक्षा आकर्षक असं खेळणं नको. दोन नियम पुरतात: तिथे आवाज नाही, आणि वाटेल तेव्हा परत यायचं.

कडेने बघणं हाही सहभागच असतो. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाच्या सामाजिक पायऱ्या मांडल्या, त्यात दुरून निरीक्षण करणाऱ्या मुलाला स्वतंत्र जागा दिली. बरीच मुलं आधी काही आठवडे बघतात, मग एक दिवस गाण्यापुरती येतात, मग गोष्टीलाही थांबतात.

तो नेमका केव्हा उठतो, हे चार दिवस लिहून ठेवा. गाण्याच्या गोंगाटात उठत असेल तर आवाज त्याला सोसत नसेल. गोष्टीत उठत असेल तर गोष्ट समजत नसेल (प्रश्न १५ आणि १६ पाहा). शेवटीच उठत असेल तर गोल लांबतोय (प्रश्न १). काही मुलांना काम दिलं की पाय टिकतात: पान उलटायचं, बाहुली धरायची. हे काम बक्षीस म्हणून देऊ नका, त्याला गरज आहे म्हणून द्या.

१२. शांत बसणाऱ्याला स्टिकर दिला तर?

दोन-तीन दिवस फरक दिसेल. मग मुलं स्टिकरसाठी बसतील आणि एक दिवस विचारतील, "आज नाही का?" लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यापैकी काहींना "काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं आधी सांगून ते दिलं. पुढे मोकळ्या वेळेत त्याच मुलांनी स्वतःहून कमी चित्रं काढली. न सांगता अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. आवडीच्या कामाला आगाऊ कबूल केलेलं बक्षीस लावण्यात हा धोका आहे, आणि गोष्ट ऐकणं हे आवडीचंच काम राहायला हवं.

त्यापेक्षा जे दिसलं ते बोला: "कोल्हा आला तेव्हा तू एकदम पुढे सरकलास." गोलाचा शेवट एखाद्या लाडक्या खेळाने करणं यात मात्र काही गैर नाही. तो सगळ्यांना मिळतो, कुणी कमावलेला नसतो.

१३. गोष्ट ऐन रंगात असताना "माझ्या मामाकडे मांजर आहे" सुरू होतं आणि मग सगळेच सुरू होतात!

ते मूल गोष्टीतलं मांजर स्वतःच्या मांजराशी जोडतंय, म्हणजे ऐकतंय. "तुझ्या मामाकडे मांजर! गोष्ट संपली की पहिलं तुझं ऐकते" एवढं म्हणून पुढे जा, आणि संपल्यावर खरंच विचारा. एकदा विसरलात की पुढच्या वेळी ते मूल थांबणार नाही.

१४. तीन ते सहा अशी सगळी वयं एकाच गोलात आहेत. कुणाकडे बघू?

गाणी-खेळ सगळ्यांचे एकत्र, आणि लांबी सगळ्यात लहान मुलाच्या वयानुसार. नंतर लहानांना मोकळ्या खेळाकडे सोडा आणि मोठ्यांना अजून दहा मिनिटं धरा. एकाच चित्रावर प्रश्नांच्या पायऱ्या करता येतात: लहानाला "बदक दाखव", मधल्याला "बदक काय करतंय", मोठ्याला "ते पाण्याबाहेर का आलं असेल". फक्त मोठ्यांना रोज "तुम्ही मोठे, तुम्ही समजून घ्या" असं सांगू नका. सहा वर्षांचं मूलही लहानच असतं.

१५. एका मुलीला गोलाची भाषा येत नाही, घरी वेगळी बोलतात. ती नुसती बसून असते.

नव्या भाषेत पडलेली पुष्कळ मुलं आधी काही काळ गप्प राहतात. ती ऐकून साठवत असतात. तिला बोलायचा आग्रह करू नका, करण्याचा मार्ग द्या: टाळी, अभिनय, वस्तू दाखवणं. प्रत्येक गोष्टीला दोन-चार खऱ्या वस्तू घेऊन बसा, त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो. तिच्या आईवडिलांकडून तिच्या भाषेतले पाच-सहा शब्द आणि एक गाणं शिकून घ्या आणि ते गाणं सगळ्यांना शिकवा. ज्या दिवशी इतर मुलं तिची ओळ चुकीची म्हणतील आणि ती दुरुस्त करेल, तो दिवस फार मोलाचा असतो. घरी आपली भाषा बोलणं थांबवा, असा सल्ला पालकांना कधीही देऊ नका.

१६. हे नेहमीचं उडालेलं लक्ष आहे की काळजीचं काही? कसं कळणार?

निदान करणं आपलं काम नाही. लक्षात येणं आणि पालकांना वेळेवर सांगणं हे आहे.

आधी कान. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं अगदी नेहमीचं असतं. त्याने ऐकू कमी येतं, तेही कधी कमी कधी ठीक, त्यामुळे मूल "ऐकून न ऐकल्यासारखं करतं" असा समज होतो. पाठीमागून हाक मारल्यावर वळत नाही, सारखं "काय?" विचारतं, इतरांचं बघून मग कृती करतं, असं दिसलं तर श्रवणतपासणी सुचवा. पुस्तकाला नाक लावून बघत असेल, डोळे बारीक करत असेल तर नजर तपासायला सांगा. झोप अपुरी नाही ना तेही विचारा. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते.

नावाला प्रतिसाद नाही, बोट दाखवून आपल्याला काही दाखवत नाही, दोन-तीन शब्दांचं वाक्य तीन वर्षांनंतरही येत नाही, किंवा आधी येत असलेलं बोलणं गेलंय, यांपैकी काही असेल तर "वाढेल तसं सुधारेल" म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पालकांशी बोलताना काय पाहिलं तेवढंच सांगा, त्याला नाव देऊ नका.

१७. पडद्यावर गाणं लावलं की सगळी चिडीचूप होतात. मग तेच का करू नये?

कारण पडदा मुलांची वाट बघत नाही. मुलाने काही म्हटलं तर त्याला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात (प्रश्न ४) २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला १ तास आहे, आणि कमी असेल तर अधिक चांगलं, असंही म्हटलंय. तो तास घरीच संपलेला असतो.

१८. घरी माझा मुलगा तासभर ठोकळे खेळतो. शाळा म्हणते तो दोन मिनिटंही बसत नाही. कोण खरं?

दोघंही. स्वतः निवडलेल्या कामात रमणं आणि दुसऱ्याने निवडलेल्या कामात वीस जणांच्या मध्ये लक्ष देणं ही वेगवेगळी कामं आहेत. दुसरं उशिरा जमतं. तासभर ठोकळ्यांत रमतो हे ताईंना जरूर सांगा, गोलात बांधकामाची गोष्ट घेतली तर कदाचित तो सगळ्यांत पुढे बसेल. आणि घरी दोघं-तिघं मिळून पाळीपाळीने खेळायचे खेळ खेळा. थांबणं तिथे शिकता येतं.

१९. संस्थाचालकांना मुलं ओळीत, शांत बसलेली हवी असतात. त्यांना काय सांगू?

त्यांना गोलात बसायला बोलवा, दारातून बघायला नको. आधी एक कागद हातात द्या: किती मुलं बोलली, किती जणांनी कृती केली, गोष्टीतला कोणता शब्द नंतर खेळात ऐकू आला. शांततेऐवजी मोजायला दुसरं काही दिलं की नजर बदलते. प्रश्न २ आणि ५ मधल्या गोष्टीही त्यांच्याशी बोलता येतील.

२०. गोल पार विस्कटला, कुणीच ऐकत नाही. अशा वेळी काय करू? रद्द केला तर चुकीची सवय लागते का?

नाही लागत. ओरडून गोळा केलेला गोल पाच मिनिटांत पुन्हा विस्कटतो. गोष्ट तिथेच थांबवा, "हिचा उरलेला भाग उद्या" म्हणा, सगळ्यांना उभं करा. झाडं होऊन डोला, बेडूक होऊन दारापर्यंत जा, शक्य असेल तर बाहेर पडा. परत आल्यावर जे येतील त्यांच्यासोबत एकच गाणं म्हणा.

आठवड्यातून एखादा दिवस असं होणारच: पाऊस, पाहुणे, नवीन मूल, रात्रीची अपुरी झोप. रोजच व्हायला लागलं तर वेळ (प्रश्न ४), गटाचा आकार (प्रश्न ३) आणि लांबी (प्रश्न १) याच क्रमाने तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. आणि "उद्या" म्हणून थांबवलेली गोष्ट उद्या नक्की पूर्ण करा.